जर्मनीत एक सत्र: व्हिसा, निवास आणि प्रवासाचा क्रम

परदेशी विद्यापीठात एक सत्र शिकण्यासाठी निवड झाली, की घरात आनंदाचे वातावरण पसरते. विद्यापीठाचे पत्र हाती आले म्हणजे निम्मे काम झाले, असा समजही त्याबरोबरच पक्का होतो. वस्तुतः त्या पत्राने कामाला केवळ सुरुवात होते. व्हिसा, पैशाची तरतूद, विमा, निवास आणि विमानाचे तिकीट ही कामे वरवर वेगवेगळी दिसतात. मात्र त्यांतील प्रत्येकाचा धागा दुसऱ्यात अडकलेला असतो. पैशाचा आणि विम्याचा पुरावा असल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. व्हिसावरील तारीख कळल्याशिवाय तिकीट काढणे धोक्याचे ठरते. खोली नसेल तर पत्त्याची नोंदणी होत नाही आणि नोंदणी नसेल तर पुढची सरकारी कामे रखडतात. यांतील एका कामाला उशीर झाला तरी त्याचा परिणाम शेवटच्या कामापर्यंत पोहोचतो आणि कष्टाने मिळवलेले सत्र हातचे जाते.

भारतीय विद्यार्थ्यांचा जर्मनीकडील ओढा गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढला आहे. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात तेथील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला आणि पुढच्याच वर्षी त्यांची संख्या सुमारे ४९,५०० वर गेली. महाराष्ट्राचे या देशाशी जुने नाते आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरे आहेत, तर महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांमध्ये २०१५ मध्ये सहकार्याचा करार झाला. पुण्या-मुंबईतील 'मॅक्समुल्लर भवना'त जर्मन शिकलेल्या अनेक पिढ्या येथे आहेत. पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्यांना मार्गदर्शन करणारे बरेच भेटतात. एका सत्रासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याची वाट मात्र थोडी वेगळी असते आणि तिची माहिती तुलनेने कमी मिळते.

विनिमय म्हणजे नेमके काय?

विद्यार्थी विनिमय हा दोन विद्यापीठांमधील किंवा विभागांमधील करार असतो. भारतातील संस्था आपल्या विद्यार्थ्याचे नाव सुचवते आणि जर्मन विद्यापीठ त्याला एक किंवा दोन सत्रांपुरता प्रवेश देते. पदवी मात्र भारतातील विद्यापीठाचीच मिळते. बहुतेक करारांनुसार विद्यार्थी आपल्या मूळ संस्थेचे शुल्क भरत राहतो आणि यजमान विद्यापीठाचे शिक्षणशुल्क त्याला माफ असते. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो शुल्क घेतले जाते. कराराद्वारे विनिमयावर आलेल्या विद्यार्थ्यांना त्यातून सूट आहे. ही सूट प्रवेशपत्रात स्पष्ट लिहिली आहे ना, हे पाहणे अगत्याचे आहे.

शिक्षणशुल्क माफ असले तरी 'सेमेस्टरबायट्राग' नावाची सत्रवर्गणी साधारणपणे प्रत्येकाला भरावी लागते. विद्यार्थी कल्याण मंडळाचा वाटा आणि अनेक ठिकाणी स्थानिक प्रवासाचा पास यांचा तिच्यात समावेश असतो. निवास, भोजन, विमा आणि विमानप्रवास यांचा खर्च विद्यार्थ्यालाच करावा लागतो. युरोपीय संघाच्या 'इरॅस्मस प्लस' योजनेतून किंवा 'डाड' या जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेकडून शिष्यवृत्ती मिळाल्यास हा भार बराच हलका होतो.

दोन दिनदर्शिकांची सांगड

सर्वांत दुर्लक्षित राहणारी अडचण येथेच दडलेली असते. जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असे चालते. प्रत्यक्ष व्याख्याने साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आणि एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत होतात. उपयोजित विज्ञानांच्या उच्चशिक्षण संस्था याहून काही आठवडे आधी सुरू होतात. महाराष्ट्रातील महाविद्यालयांची सत्रे मात्र ढोबळमानाने जून-जुलै ते नोव्हेंबर आणि डिसेंबर-जानेवारी ते मे अशी असतात. साहजिकच जर्मनीतील एक सत्र आपल्याकडील दोन सत्रांच्या अंगावर येते. हिवाळी सत्राला जाणाऱ्याची येथील नोव्हेंबरची परीक्षा बुडते आणि तो परततो तेव्हा पुढचे सत्र निम्मे संपलेले असते.

म्हणूनच व्हिसाचा विचार करण्यापूर्वी विभागप्रमुख आणि परीक्षा विभाग यांच्याकडून तीन गोष्टी लेखी घेणे हितावह ठरते. बुडणारी परीक्षा केव्हा देता येईल, उपस्थितीची अट कशी शिथिल होईल आणि तेथे मिळवलेले श्रेयांक येथील कोणत्या विषयांऐवजी धरले जातील, या त्या तीन गोष्टी होत. विद्यार्थी, मूळ विभाग आणि यजमान विभाग या तिघांच्या स्वाक्षऱ्या असलेला 'लर्निंग अॅग्रीमेंट' हा कागद त्यासाठीच असतो. युरोपीय श्रेयांक पद्धतीत पूर्ण सत्र ३० श्रेयांकांचे धरले जाते. तोंडी आश्वासनावर विसंबून गेलेल्या विद्यार्थ्याला परतल्यावर तेच विषय पुन्हा शिकावे लागण्याची शक्यता असते.

पासपोर्ट आणि नावांचा घोळ

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, त्यात किमान दोन पाने कोरी असावीत आणि मुक्काम संपल्यानंतरही त्याची काही महिन्यांची मुदत शिल्लक असावी. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना येथे आणखी एक पेच पडतो, तो नावांचा. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव छापलेले असते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि वडिलांचे नाव कधी स्वतःच्या नावाला जोडलेले असते, तर कधी गाळलेले असते. जर्मन कारकुनाला या चार शब्दांतील मूळ नाव कोणते, हे कळण्याचा मार्ग नसतो.

यावर उपाय सोपा आहे. पासपोर्टवर नाव जसे छापले आहे तसेच, अक्षर न अक्षर, ते प्रवेशअर्ज, बँक खाते, विमा, वसतिगृहाचा अर्ज आणि विमानाचे तिकीट या सर्वांवर लिहावे. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा असेल किंवा नावाच्या लेखनात चूक असेल, तर दुरुस्तीचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. नंतर केलेल्या दुरुस्तीमुळे आधीचे सगळे कागद नव्याने करावे लागतात.

व्हिसा: अर्ज एकदाच, पण नीट

शेंगेन देशांत नव्वद दिवसांपर्यंत राहण्यासाठी मिळणारा 'सी' प्रकारचा व्हिसा विनिमय सत्राला पुरत नाही. त्यासाठी जर्मनीचा 'डी' प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. त्याचे शुल्क प्रौढांसाठी ७५ युरो असून ते रुपयांत भरावे लागते. आधी पर्यटनाच्या व्हिसावर जाऊ आणि तेथे गेल्यावर तो बदलून घेऊ, असा सल्ला काही जण देतात. भारतीय नागरिकाला साधारणतः अशी सवलत मिळत नाही आणि त्याला व्हिसासाठी मायदेशी परतावे लागते.

महाराष्ट्र आणि गोव्यातील रहिवासी जर्मनीच्या मुंबईतील महावाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात येतात. २०२५ च्या आरंभापासून राष्ट्रीय व्हिसाचा अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरण्याची सोय सर्वत्र झाली आहे. कागद तेथे चढवावेत, त्यांची प्राथमिक तपासणी व्हावी आणि मग बोटांचे ठसे, छायाचित्र व मूळ कागदपत्रे यांसाठी प्रत्यक्ष जावे, असा हा क्रम आहे. निर्णयाला काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो, कारण अनेक प्रकरणांत विद्यार्थी ज्या शहरात राहणार आहे तेथील परदेशी नागरिक कार्यालयाचे मतही मागवले जाते.

अर्जासोबत प्रवेशपत्र, दोन विद्यापीठांमधील विनिमयाचा उल्लेख असलेले पत्र, लर्निंग अॅग्रीमेंट, गुणपत्रिका, भाषेचा दाखला, निधीचा पुरावा, विमा, संक्षिप्त परिचय आणि उद्देशपत्र हे कागद प्रामुख्याने लागतात. उद्देशपत्र अनेकांना औपचारिक वाटते. त्यात कोणते विषय शिकणार, ते येथील अभ्यासक्रमाशी कसे जुळतात आणि परतल्यावर पदवी केव्हा पूर्ण होणार, हे साध्या शब्दांत यावे. इंटरनेटवरून उचललेली ठोकळेबाज पत्रे वाचणाऱ्याच्या सहज लक्षात येतात.

पदवीसाठी जाणाऱ्या भारतीयांना १ नोव्हेंबर २०२२ पासून 'ए.पी.एस.' हे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचे शुल्क १८,००० रुपये ठरवण्यात आले. जर्मन सरकारी निधीतून शिष्यवृत्ती मिळालेल्यांसारख्या काही गटांना त्यातून वगळले आहे. आपले विनिमय कोणत्या गटात मोडते, हे विद्यार्थ्याने दूतावासाच्या ताज्या सूचीवरून आणि यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून निवड होताच लेखी विचारून घ्यावे. प्रमाणपत्र लागणार असेल तर त्याचा कालावधीही हिशेबात धरावा लागतो.

एक बदल विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. व्हिसा नाकारला गेल्यास पूर्वी त्याच दूतावासाकडे फेरविचाराची विनामूल्य मागणी करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ही सोय जगभर बंद झाली. आता नव्याने अर्ज करणे किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागणे, एवढेच मार्ग उरले आहेत. एका सत्रासाठी निघालेल्या विद्यार्थ्याला न्यायालयाची वाट परवडणारी नाही आणि नव्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत व्याख्याने सुरू झालेली असतात. अपुरा अर्ज घाईने देण्यापेक्षा आठवडाभर थांबून तो पूर्ण करणे केव्हाही शहाणपणाचे ठरते.

पैशाची तरतूद

विद्यार्थ्याजवळ मुक्कामापुरता पैसा आहे, याची खात्री जर्मन सरकारला हवी असते. ती देण्याचा सर्वाधिक रूढ मार्ग म्हणजे 'श्पेरकोंटो', अर्थात बंद खाते. यात ठरलेली रक्कम आधी भरावी लागते आणि जर्मनीत पोहोचल्यावर ती दरमहा ठरावीक हप्त्याने मिळते. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो अशी आहे. त्यापूर्वी २०२३ च्या आरंभापासून ती महिन्याला ९३४ युरो होती. रक्कम वेळोवेळी वाढत असल्याने अर्जाच्या दिवशीचा आकडा पाहावा.

विनिमयासाठी जाणाऱ्याला पूर्ण वर्षाची रक्कम ठेवण्याची गरज सहसा नसते. मुक्कामाच्या महिन्यांपुरती तरतूद पुरते. समजा, पुण्यातील एखादी विद्यार्थिनी ऑक्टोबर ते मार्च असे सहा महिने जाणार आहे. तिच्या खात्यात ५,९५२ युरो हवेत. तिला महिन्याला ३०० युरोंची शिष्यवृत्ती असेल, तर उरलेल्या ६९२ युरोंच्या हिशेबाने ४,१५२ युरोंची तरतूद दाखवावी लागेल. शिष्यवृत्तीच्या पत्रावर रक्कम आणि कालावधी स्पष्ट असायला हवा. जर्मनीत राहणारा नातेवाईक तेथील कार्यालयात अधिकृत हमीपत्र देऊ शकतो. तोही एक मान्य पर्याय आहे.

भारतातून हे पैसे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली पाठवले जातात. तिची मर्यादा प्रत्येक व्यक्तीमागे आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर आहे. आर्थिक वर्षातील एकूण रक्कम दहा लाख रुपयांच्या पुढे गेल्यास उगमस्थानी कर गोळा होतो. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. त्यापूर्वी ती सात लाखांची होती. एका सत्राची रक्कम सहसा या मर्यादेच्या आत राहते. तरीही वडिलांच्या नावावरून त्याच वर्षी परदेशी सहलीचा किंवा भावंडाच्या शिक्षणाचा खर्च झाला असेल, तर बेरीज तपासून पाहावी. कापलेला कर विवरणपत्रातून परत मागता येतो, पण तोवर ती रक्कम अडकून राहते.

बंद खात्यातील पहिला हप्ता पोहोचताच हाती येत नाही. खाते कार्यान्वित होण्यास काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. नेमक्या याच काळात खोलीची अनामत, पहिले भाडे आणि विम्याचा हप्ता असे मोठे खर्च एकदम येतात. त्यामुळे बंद खात्याखेरीज दीड-दोन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम परकीय चलनाच्या कार्डावर वेगळी ठेवावी. घरचे अंदाजपत्रक अनेकदा चुकते ते याच मुद्द्यावर.

निवास: सर्वांत अवघड पायरी

व्हिसाचे नियम निदान लिहिलेले असतात. खोली मिळण्याचे नियम लिहिलेले नसतात. म्युनिक, फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग, बर्लिन या शहरांत खोल्यांची टंचाई मोठी आहे आणि म्युनिक त्यांत सर्वांत महाग गणले जाते. जर्मन विद्यापीठे स्वतः वसतिगृहे चालवत नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. हे काम 'श्टुडिरेंडनवेर्क' नावाची स्वतंत्र विद्यार्थी कल्याण मंडळे करतात. भोजनालयेही त्यांचीच असतात. विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली असे होत नाही. तिचा अर्ज वेगळा करावा लागतो.

विनिमयाच्या विद्यार्थ्याला येथे एक लाभ असतो. अनेक विद्यापीठांची आंतरराष्ट्रीय कार्यालये विनिमयासाठी येणाऱ्यांकरिता वसतिगृहातील काही खोल्या राखून ठेवतात. त्यासाठीचा अर्ज प्रवेशअर्जाच्या सोबत किंवा लगोलग द्यावा लागतो आणि त्याची मुदत कडक असते. हिवाळी सत्रासाठी ही मुदत पुष्कळदा उन्हाळ्यातच संपते. व्हिसा मिळाल्यावर खोली पाहू, असे म्हणणाऱ्यांचे घोडे येथेच अडते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार टाळायलाच हवा.

वसतिगृह न मिळाल्यास दुसरा मार्ग सामायिक घराचा. त्याला तेथे 'वेगे' म्हणतात. दोन ते पाच जण एका घरात स्वतंत्र खोल्यांत राहतात आणि स्वयंपाकघर सामायिक असते. सुट्टीवर किंवा परगावी गेलेल्या विद्यार्थ्याची खोली काही महिन्यांपुरती घेण्याला 'त्स्विशनमीटे' म्हणतात. एका सत्रासाठी जाणाऱ्याला ही पद्धत सोयीची पडते. भाड्याचे दोन आकडे नीट वाचावेत. 'काल्टमीटे' म्हणजे केवळ जागेचे भाडे; 'वार्ममीटे' म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च धरून होणारे भाडे. वीज आणि इंटरनेट त्यात धरले आहे किंवा कसे, हेही विचारावे. रेडिओ-दूरचित्रवाणीची सक्तीची वर्गणी दर घरटी असते. ऑगस्ट २०२१ मध्ये ती महिन्याला १८.३६ युरो ठरली. एका घरात राहणारे ती वाटून घेतात.

खोलीच्या टंचाईवर फसवणूक करणाऱ्यांचेही पोट भरते. सुंदर छायाचित्रे, बाजारभावाहून कमी भाडे, मालक 'सध्या परदेशी' असणे, किल्ली कुरिअरने पाठवण्याचे आश्वासन आणि आधी पैसे पाठवण्याची घाई ही या फसवणुकीची ठरलेली लक्षणे आहेत. अशी जाहिरात कितीही मोहक वाटली तरी तिच्या वाटेस जाऊ नये. जर्मन कायद्यानुसार अनामत काल्टमीटेच्या तिपटीहून अधिक घेता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क असतो. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. वसतिगृहे किल्ली देण्यापूर्वी अनामत मागतात, ती मात्र संस्थेच्या अधिकृत खात्यात आणि करारानंतर. खासगी मालकाच्या बाबतीत खोली स्वतः, परिचिताकरवी किंवा निदान व्हिडिओ संभाषणातून पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नये. त्या शहरातील महाराष्ट्र मंडळ किंवा विद्यापीठातील भारतीय विद्यार्थी संघटना असेल, तर जागा पाहून येण्यासाठी त्यांचे साहाय्य मागण्यात संकोच बाळगू नये.

करार करण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: या पत्त्यावर सरकारी नोंदणी करता येईल का? जर्मनीत राहायला आलेल्या प्रत्येकाने दोन आठवड्यांच्या आत पालिकेत पत्ता नोंदवायचा असतो. त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र १ नोव्हेंबर २०१५ पासून आवश्यक आहे. काही जण स्वस्तात खोली देतात, पण हे प्रमाणपत्र देत नाहीत. अशा खोलीचा उपयोग रात्र काढण्यापलीकडे होत नाही, कारण निवास परवान्यासारखी पुढची कामे नोंदणीच्या दाखल्यावरच उभी असतात.

विमा

विमा दोन टप्प्यांत लागतो. निघाल्यापासून विद्यापीठात नाव दाखल होईपर्यंतच्या दिवसांसाठी किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी आरोग्य विमा घ्यावा. त्यानंतर तीस वर्षांखालील विद्यार्थ्यांसाठी सार्वजनिक आरोग्य विम्याची सवलतीची योजना असते. तिचा हप्ता महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास जातो. केवळ स्वस्त म्हणून भारतातून वर्षभराचा प्रवासी विमा घेऊन जाणाऱ्यांना, तो विद्यापीठ मान्य करत नाही हे तेथे गेल्यावर समजते आणि दुहेरी खर्च होतो. यजमान विद्यापीठाला कोणता विमा चालतो, हे आधी विचारून मगच पैसे भरावेत.

प्रवास: दिवस निवडण्याची कला

तिकीट पक्के करण्याची योग्य वेळ व्हिसा हाती आल्यानंतरची. व्हिसावर 'पासून' ही तारीख छापलेली असते आणि तिच्या एक दिवस आधीही उतरता येत नाही. आधी आरक्षण करावेच लागले, तर तारीख बदलता येणारे तिकीट घ्यावे. मुंबईहून फ्रँकफर्ट आणि म्युनिकला थेट विमाने जातात. आखाती शहरांमार्गे जाणारी विमाने कित्येकदा स्वस्त पडतात. लंडनमार्गे जाणाऱ्यांनी ब्रिटन शेंगेन क्षेत्रात नाही हे ध्यानात ठेवून तेथील वाटेतल्या व्हिसाचे नियम स्वतंत्रपणे पाहावेत.

पोहोचण्याचा वार विचारपूर्वक निवडावा. वसतिगृहाचे करार बहुधा १ ऑक्टोबरला सुरू होतात आणि किल्ली 'हाउसमाइस्टर', म्हणजे इमारतीचा व्यवस्थापक, कामाच्या दिवशी ठरावीक तासांतच देतो. ३ ऑक्टोबर हा जर्मन एकीकरणाचा दिवस असून देशभर सुट्टी असते. रविवारी दुकाने बंद असतात. शनिवारी रात्री उतरलेल्या विद्यार्थ्याला किल्लीही मिळत नाही आणि दूध-पावही मिळत नाही. सोमवार ते गुरुवार यांपैकी एखाद्या दिवशी सकाळी उतरणारे विमान घ्यावे आणि तरीही पहिल्या दोन रात्रींसाठी युवक वसतिगृहात जागा राखून ठेवावी.

सामानातील खाऊचाही विचार व्हायला हवा. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. आईने प्रेमाने बांधून दिलेले तूप, पेढे आणि पनीर त्यात मोडतात. ताजी फळे, भाज्या आणि कढीपत्ता यांनाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय मज्जाव आहे. मसाले, डाळी, चिवडा आणि भाजणी यांची अडचण सहसा येत नाही. नेहमीच्या औषधांसोबत डॉक्टरांची इंग्रजीतील चिठ्ठी ठेवावी. सर्व मूळ कागदपत्रे हातातील पिशवीत असावीत; मोठ्या बॅगेबरोबर ती हरवली, तर पहिला महिना निस्तरण्यातच जातो.

पोहोचल्यानंतरचे पहिले दिवस

पत्त्याची नोंदणी, विद्यापीठात नाव दाखल करणे, बँक खाते आणि बंद खाते सुरू करणे, हा कामांचा साधारण क्रम. नोंदणीच्या वेळा ऑनलाइन घ्याव्या लागतात आणि मोठ्या शहरांत त्या लवकर संपतात. भारतातूनच प्रयत्न सुरू करावा. व्हिसाची मुदत मुक्कामापेक्षा कमी असेल, तर ती संपण्यापूर्वी परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज द्यावा लागतो. व्हिसा पूर्ण सत्राचा असेल, तर हा खटाटोप वाचतो. यासाठी अर्जातच मुक्कामाच्या तारखा परीक्षेचे दिवस धरून लिहाव्यात.

स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांसाठी देशभर चालणारे 'डॉइचलँड तिकीट' १ मे २०२३ रोजी महिन्याला ४९ युरो दराने सुरू झाले. त्याचा दर जानेवारी २०२५ मध्ये ५८ आणि जानेवारी २०२६ मध्ये ६३ युरो झाला. अनेक विद्यापीठांत त्याची स्वस्त विद्यार्थी आवृत्ती सत्रवर्गणीतच मिळते. तेव्हा वेगळे तिकीट घेण्याआधी विचारावे. युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना १ मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. एका सत्रात भाषा, अभ्यास आणि परीक्षा सांभाळून मिळणाऱ्या कमाईवर घरचे अंदाजपत्रक मात्र बेतू नये.

परतीची तयारी

परतीचे तिकीट काढताना शेवटच्या व्याख्यानाची तारीख पाहून चालत नाही. काही परीक्षा व्याख्याने संपल्यानंतर कित्येक आठवड्यांनी होतात. त्या आधीच परतलेल्या विद्यार्थ्याचे श्रेयांक बुडतात. खोली सोडण्याची सूचना करारातील मुदतीनुसार लेखी द्यावी. पत्त्याची नोंदणी रद्द करावी, विमा आणि दूरचित्रवाणी वर्गणी थांबवावी आणि अनामत परत येईपर्यंत बँक खाते चालू ठेवावे. विद्यापीठाचे अधिकृत गुणपत्रक थेट आपल्या विभागाकडे पाठवण्याची व्यवस्था तेथे असतानाच करावी.

वेळापत्रक थोडक्यात

ऑक्टोबरच्या सत्राचा हिशेब असा मांडता येईल. जानेवारी-फेब्रुवारीत विभागाची लेखी संमती आणि पासपोर्टची दुरुस्ती. मार्च-एप्रिलमध्ये निवड, ए.पी.एस.बाबत खुलासा आणि यजमान विद्यापीठाचा अर्ज; प्रवेशपत्र येण्याची वाट न पाहता वसतिगृहाचा अर्ज; मे-जूनमध्ये बंद खाते आणि विमा; प्रवेशपत्र हाती येताच व्हिसाचा अर्ज; ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये व्हिसा आणि त्यानंतर तिकीट. एप्रिलच्या सत्रासाठी हेच वेळापत्रक सहा महिने अलीकडे ओढावे. जर्मन कार्यालयांना दूरध्वनी करताना तेथील घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, हेही ध्यानात असावे.

या सगळ्या खटाटोपात विद्यार्थ्याने स्वतः पुढाकार घेणे हेच सर्वांत महत्त्वाचे. पालकांनी किंवा एजंटाने भरलेल्या अर्जातील माहिती विद्यार्थ्यालाच ठाऊक नसेल, तर अडचण येते तेव्हा ती निस्तरायला तो परक्या देशात एकटाच असतो. प्रत्येक कागदाची एक प्रत घरी, एक स्वतःजवळ आणि एक ई-मेलमध्ये ठेवून, कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे हे एका वहीत लिहून निघालेला विद्यार्थी ऑक्टोबरच्या मध्यावर पहिल्या व्याख्यानाला वेळेवर बसलेला असतो. एका सत्राचा अवधी जेमतेम चार-पाच महिन्यांचा. त्यातील पहिला महिना कार्यालयांच्या रांगेत जाऊ नये, यासाठीच ही सहा-आठ महिन्यांची पूर्वतयारी करायची असते.